धुळे ते जळगाव, व्हाया राजदूत

मोबाईल खिशात टाका आणि हेल्मेट इथंच खुंटीला राहू द्या. आपण जिथं निघालोय तिथं डोक्याला रुमाल बांधतात. स्वेटर मात्र चढवा, कानाला मफलर गुंडाळा. डिसेंबरातली धुळ्याची पहाट आहे, बोटं बाहेर काढवत नाहीत.

साल १९७४. तुम्हाला नुकतीच सात वर्षं पुरी झालीत. वाकून बघा, पायात पट्ट्याच्या चपला आहेत आणि गुडघ्यावर कालच्या विटीदांडूची खपली.

तुम्ही उभे आहात त्या गल्लीला नाव नाही, नंबर आहे. धुळ्यातल्या या गल्ल्या अशा सरळ आखलेल्या की एका टोकाला कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाला कळतं. दारोदारी तांब्याचे बंब पेटलेत. गोवऱ्यांचा धूर जमिनीलगत तरंगतोय, डोळे चुरचुरताहेत. ओट्यावरून फळी टाकून तुमचे वडील, आण्णा, गाडी खाली उतरवतात. काळी कुळकुळीत राजदूत. पोलंडच्या एका मोटारसायकलीच्या घडणीवरून एस्कॉर्ट्स कंपनीनं ती आपल्याकडे बनवायला घेतली, हे आण्णांना ठाऊक नाही आणि त्यांचं त्यावाचून काही अडलेलंही नाही. त्यांच्या लेखी ती ‘फटफटी’ आहे आणि गल्लीत अशी एकच आहे.

आता नीट बघा, कारण हा विधी रोजचा असला तरी रोज बघण्याजोगा आहे. आधी पेट्रोलचा कॉक उघडायचा. मग कार्बुरेटरवरची बारीक घुंडी बोटानं दाबून धरायची, पेट्रोल ओघळून बोटाला गार लागेपर्यंत. मग दोन किका नुसत्याच, चावी न लावता, इंजिनाला जाग यावी म्हणून. मग चावी. मग तिसरी किक, अंगाचा सगळा भार टाकून. फट्. काहीच नाही. चौथी. फट् फट्. समोरच्या खिडकीतून एक डोकं बाहेर येतं. पाचवीला गाडी पेटते आणि सगळी गल्ली निळसर धुरानं भरून जाते. हा वास नाकात साठवून घ्या. पेट्रोलमध्ये जळलेल्या ऑइलचा गोडसर, घशाला बसणारा वास. पुढची वीस-पंचवीस वर्षं तो तुमच्या कपड्यांतून निघणार नाही.

“चल, बस,” आण्णा म्हणतात आणि काखेत धरून तुम्हाला टाकीवर ठेवतात.

जगातली सगळ्यात भारी जागा ही. पुढं काहीच नाही, फक्त हेडलाइट, काट्याचं मीटर आणि रस्ता. मांड्यांखालची टाकी थंडगार, पण नडग्यांना इंजिनाची ऊब लागतेय. दात एकमेकांवर कडकड वाजताहेत, थंडीनं की इंजिनाच्या थरथरीनं, सांगता येत नाही. पाठीमागं आण्णांची छाती. ते गाणं गुणगुणले की तुमच्या पाठीला कळतं.

आग्रा रोडवरच्या पंपावर थांबा. पंपावरचा माणूस छोट्या मापानं आधी ऑइल ओततो, लिटरमागं चाळीस मिलीच्या आसपास, आणि वरून पेट्रोलची धार सोडतो. या टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळं वंगण नसतं, पेट्रोलातून जाईल तेवढंच. म्हणून आण्णा हँडल धरून अख्खी गाडी डावी-उजवीकडे हलवतात, तुमच्यासकट. आतून डुबुक डुबुक आवाज येतो. तुम्ही खिदळता. ऑइल नीट मिसळलं.

आणि निघालो. धुळे ते जळगाव, नव्वद किलोमीटर. फागणे गेलं, मुकटी आलं. ऊन वर येतंय. कापसाच्या बैलगाड्या रांगेनं चालल्यात, गाडीभर पांढरा डोंगर आणि डोंगरावर झोपलेला गाडीवान. हवेत कापसाचे तंतू उडताहेत, तुमच्या मफलरला चिकटताहेत. लाल एसटी मागून येते, भोंगा देते, आणि मग बराच वेळ धुळीशिवाय काही दिसत नाही. डोळे मिटा, तोंडही मिटा. दाताखाली कचकच लागली? तीच ती, खान्देशची माती.

समोर बैल आडवा आला. आण्णांनी पुढचा ब्रेक दाबला. जाणवलं का? इतर गाड्या ब्रेक दाबला की पुढून खाली बसतात. राजदूत पुढून वर उचलते. तिच्या पुढच्या फोर्कची रचनाच तशी. पोटात हवा भरून येते आणि तुम्ही मनात म्हणता, अजून एकदा यावा बैल.

मुकटीच्या पुढं रस्त्याकडेला धोतरवाला एक म्हातारा हात करतो. आण्णा गाडी थांबवतात. ओळख ना पाळख.

“कथा चालना भाऊ?”

“पारोळ्याले.”

“बठ मांगे, सोडी देस तुले.”

म्हातारबाबा काठी आडवी धरून मागं बसतात आणि त्यांच्या टोपलीतली कोंबडी तुमच्या घराण्याची पाहुणी होते. खान्देशातल्या फटफटीचा पहिला नियम तुम्ही आत्ता शिकलात. आरसी पुस्तकात नाव एकाचं असतं. गाडी रस्त्यावरच्या सगळ्यांची असते. रात्री कुणाचं पोट दुखलं, डॉक्टरला आणायचंय. कुणाची परीक्षा धुळ्याला आणि एसटी चुकली. कुणाची मोटर जळाली आणि ती वाइंडिंगला न्यायचीय. “आण्णा, जरा गाडी द्या ना,” असं म्हणत दारात उभ्या राहिलेल्या माणसाला नाही म्हणायची रीत नाही.

आता मफलर सोडा, स्वेटर काढा. चार वर्षं उडाली, मे महिना लागलाय, लग्नसराई आहे. पारोळा आणि एरंडोलच्या मधे, भर दुपारी, पारा पंचेचाळिसाच्या वर. तुम्ही अकरा वर्षांचे, टाकीवर आता मावत नाही, तरी बसलाय. तुमच्या जागेवर धाकट्या बहिणीनं हक्क सांगितलाय, म्हणून ती पुढं, तुम्ही तिच्या मागं, मग आण्णा, मग आई एका बाजूला पाय सोडून. आईच्या मांडीवर अहेराची पिशवी आणि वरून ओला टॉवेल. चौघांच्याही खिशात किंवा पदराच्या गाठीत एकेक कांदा आहे. ऊन लागू नये म्हणून आजीनं निघताना कोंबलाय. घामानं तो कांदाही वास सोडू लागलाय.

वारा येतो, पण भट्टीचं दार उघडून आलेला. डांबर वितळलंय, टायर चर्र चर्र सोलत चाललाय. सीटच्या कडेला हात लावू नका, चटका बसेल. मधेच इंजिनाचा सूर बदलतो, गाडी दोन आचके देते आणि थांबते. घाबरू नका. आण्णा तर मुळीच घाबरलेले नाहीत. गाडी निंबाखाली ढकला. सीटखालून प्लगपाना निघतो, प्लग उघडतो, काजळीनं काळा झालेला. आण्णा खिशातल्या पॉलिश पेपरनं तो घासतात, तोंडानं फुंकर मारतात, टोक उन्हात धरून बघतात. टू-स्ट्रोक गाडी बाळगणारा माणूस म्हणजे प्लग साफ करू शकणारा माणूस. तोवर निंबोळ्या वेचा, आईनं आणलेल्या बाटलीतलं कोमट पाणी प्या. तीन वळणांवरून लग्नाचा बँड ऐकू येऊ लागलाय. वरणबट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीचा वास तर त्याच्याही आधी पोचलाय. किक मारा, आण्णा. पंगत बसायची वेळ झाली.

डोकं वर करा. मिसरूड फुटलंय तुम्हाला. साल १९८५, संध्याकाळ, जळगाव. तुम्ही मूळजी जेठा कॉलेजात शिकता, आणि तुमच्या जिवलग मित्राच्या वडिलांनी येझदी रोडकिंग घेतलीय. तुम्ही मागच्या सीटवर. याला पदावनती समजू नका. मागच्या सीटवरून दोन्ही हात मोकळे राहतात आणि सगळं गाव दिसतं.

मित्राकडे लक्ष द्या, तो आता जादू करणार आहे. येझदीला किकचा वेगळा दांडा शोधू नका. डाव्या पायाचा गिअरचा दांडाच आत दाबायचा, वर वळवायचा, आणि तीच किक. गाडी पेटली की तोच दांडा खाली आणायचा आणि पुन्हा गिअर टाकायला लागायचं. ज्याला माहीत नाही त्याच्या हातात चावी दिली तरी तो गाडी नेऊ शकत नाही, ही म्हैसूरच्या कारखान्यानं दिलेली फुकटची राखण. दोन्ही बाजूंना लांबलचक सायलेन्सर. त्यातून निघणारा आवाज ऐका, भरदार, घुमणारा, पोकळ. सराफ बाजाराच्या तोंडाशी आलो की भिंतींवर आपटून तो दुप्पट होतो. पेढीवरचे शेठ मान वर करतात. सोन्याच्या दुकानांतले पिवळे दिवे, गजरेवाल्याच्या पाटीतला मोगरा, शेवेच्या कढईतून उठणारा तिखट धूर, सायकलींच्या घंट्या. गर्दी एवढी की पाय खाली टेकवत टेकवत जावं लागतंय. मग मेहरूणच्या तलावाकडे वळा. तिसरा गिअर, चौथा. शर्ट फुग्यासारखा भरला. दोघंही काही न बोलता ओरडताय.

दर दोन-चार महिन्यांनी मात्र गॅरेजची वारी. तिथं थोडं बसू. उलट्या डब्यावर टेका. रॉकेलनं भरलेल्या परातीत नटबोल्ट भिजत पडलेत. जळगाव आकाशवाणीवर गाणी लागलीत आणि मिस्त्री मधेमधे त्यांच्या जोडीला स्क्रू-ड्रायव्हरचा ठेका धरतो. येझदीचे सायलेन्सर आतून काजळीनं बुजलेत, म्हणून तो ते काढून चक्क जाळतोय. काळा, चिकट धूर निघतो, वास आठवडाभर नाकातून जात नाही. पोऱ्या कटिंग चहा आणतो. मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक चालू इंजिनाला आणि दुसरं स्वतःच्या कानाला लावतो, डोळे मिटतो, आणि सांगतो, “पिस्टन ठीक आहे, बेअरिंग बोलतंय.” असा कान तयार व्हायला वर्षं लागतात. त्याच्या पायाशी बसलेल्या पोऱ्याचा कान आत्ता तयार होतोय, चहाचे ग्लास धुता धुता.

उठा. मामांचं बोलावणं आलंय, तापीच्या पलीकडे. मामा केळीचे बागायतदार, सावद्याजवळ, आणि त्यांच्याकडे बुलेट आहे. मद्रासची, साडेतीनशे सीसी. उन्हाळ्याची सुट्टी, पहाटेची वेळ, मामा तुम्हाला म्हणतात, “भाचेबुवा, घ्या चालवायला.”

धडधड वाढली ना छातीत? सावकाश. टाकीच्या पुढं अँपिअरचा काटा आहे. किक हळूच दाबत न्या, काटा मधे आला की थांबा. डाव्या हाताशी छोटा लिव्हर आहे, तो दाबून आतली कोंडलेली हवा सोडा, किक जरा पुढं सरकवा. लिव्हर सोडा. आता मारा. ताकद लावून नव्हे, वजन टाकून. धप्… धप्… धप्. गावची पिठाची गिरणी चालू झाली की काय वाटेल, इतका संथ आणि खणखणीत ठेका. झाडावरचे कावळे उडाले. मामांच्या वाड्यातल्या बायका घड्याळ न बघता म्हणतात, “मालक मळ्यात निघाले.”

हिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. पुढं म्हैस आली की तुमचा उजवा पाय सवयीनं खाली जाईल आणि गाडी थांबायच्या ऐवजी गिअर बदलेल. गेला ना? मामा मागून हसताहेत, त्यांचं पोट तुमच्या पाठीवर हलतंय. “पाय बदलला म्हणजे मेंदू बदलावा लागतो,” ते म्हणतात.

आता या रस्त्यावरची खरी गंमत अंगावर घ्या. उजाड शेतातून जाताना तोंडाला गरम हवेचा पट्टा लागतो. पन्नास हात पुढं केळीची बाग सुरू होते आणि हवा एकदम गार. ओल्या मातीचा वास, पाटाचं खळखळतं पाणी, पानांची सळसळ. बाग संपली, पुन्हा झळ. पुन्हा बाग, पुन्हा गारवा. मोटारीच्या काचेआड बसलेल्याला हे कधी कळायचं नाही. मोटारसायकलवर माणूस हवेतून जात नाही, हवा माणसातून जाते. पुढं रेल्वे स्टेशनाच्या रस्त्याला केळीच्या घडांनी भरलेल्या बैलगाड्या दाटल्यात. हिरव्या घडांचा चीक, बैलांचा घाम, हमालांची आरडाओरड. सावदा, निंभोरा, रावेर, इथून वॅगनी भरून केळी उत्तरेकडे निघतात. मामा बुलेट बंद करत नाहीत. तिच्या ठोक्यावरच भावाची घासाघीस चालते.

पुरे झालं मागं बसणं आणि दुसऱ्यांच्या गाड्या चालवणं. १९९० साल उजाडलंय, तुम्हाला नोकरी लागलीय. हप्त्यानं घेतलेली यामाहा आरएक्स १०० धुळ्याच्या घरासमोर उभी आहे. आई तिच्या हेडलाइटला कुंकवाचं स्वस्तिक काढतेय, चाकाखाली लिंबू ठेवलंय, हँडलला झेंडूची माळ. आधी पांझरेकाठी एकवीरा देवीला जायचं, मग बाकीचं जग. आण्णा ओट्यावर बसून बघताहेत. इंजिन किती? अठ्ठ्याण्णव सीसी. राजदूतपेक्षा बरंच लहान. “एवढीशीच?” ते म्हणतात.

श्रावणातल्या एका रविवारी जळगावहून अजिंठ्याच्या रस्त्याला लागा, म्हणजे ‘एवढीशी’चं उत्तर मिळेल. नेरी गेलं, पहूर गेलं. अकरा अश्वशक्ती आणि वजन जेमतेम शंभर किलोच्या घरात, म्हणून अॅक्सिलरेटर पिळला की गाडी खालून निसटायला बघते. आवाज आधी घोगरा, मग चढत चढत चिरका, टिपेला. ऑइल वेगळ्या डब्यात, पंप ते आपोआप मिसळतो. गाडी हलवायचे दिवस संपले. समोर अजिंठ्याचे डोंगर हिरवेगार, ढग कड्यांना टेकलेले. पावसाचे थेंब कपाळावर टाचण्या मारताहेत. भिजलेल्या जीन्सचं वजन दुप्पट झालंय. फर्दापूरला टपरीवर उभे राहा, कणीस भाजून घ्या, लिंबू-तिखट चोळून. ओले हात गरम सिलिंडरच्या जवळ धरा. पाण्याचे थेंब फिन्सवर पडून चुर्र करून उडून जातात. तुम्ही तेवीस वर्षांचे आहात, आणि शेजारी मित्राचीही आरएक्स आहे. पुढचं वळण कोण आधी घेणार, हे चहा संपायच्या आत ठरलंय.

हळू. आता हळू. मागं कुणीतरी बसलंय आणि तिनं खांद्यावर दोन बोटं टेकवलीत. त्या खुणेचा अर्थ ‘चाळीसच्या आत’. १९९५ साल. नंबरप्लेट एमएच-१९, गाडी हिरो होंडा सीडी १००, संसार जळगावात. पहिल्या दिवशी तुम्ही ती चालू केली आणि पुन्हा किक मारायला गेलात, कारण चालू झालीय हे कळलंच नाही. फोर-स्ट्रोक. पेट्रोलात ऑइल नाही, धूर नाही, प्लगपान्याला गंज चढलाय. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरा, अशी तिची जाहिरात होती. लिटरला ऐंशीच्या आसपास जाते असं सगळे सांगतात. हिशेब करा, जळगावहून एका लिटरवर निघालात तर धुळ्याच्या उंबऱ्याशी, फागण्यापर्यंत पोचाल.

या गाडीनं एक अजब गोष्ट दिली, बोलणं. आजवर गाडीवर ओरडावं लागायचं. आता बांभोरीचा गिरणेवरचा पूल ओलांडताना बायको मागून सहज आवाजात विचारते, “गॅस नोंदवला का?” आणि तुम्हाला ऐकू येतं. पाळधीपर्यंत महिन्याचं बजेट ठरतं. एरंडोलपर्यंत मुलीच्या शाळेचं ठरतं. पारोळ्याला भजी खाताना रुसवा निघतो. नव्वद किलोमीटरचा तोच रस्ता, आता गप्पांना पुरत नाही.

शेवटचा मुक्काम. जानेवारीतली रात्र, आसोद्याच्या बाजूचं एक शेत, भरीत पार्टी. नव्या शतकाला दोन वर्षं उरलीत. बांधावर गाड्यांची रांग लागलीय आणि सगळ्यांच्या सीटवर दव पडलंय. मामांची बुलेट, मित्राची जुनी येझदी, तुमची सीडी, आणि सगळ्यात टोकाला आण्णांची राजदूत. ती धुळ्याहून स्वतः चालवत आलेत, वाटेत कोण कोण बसलं ते सांगताहेत. काड्यांच्या जाळात हिरवी वांगी फुटताहेत, साल करपल्याचा वास शेतभर पसरलाय. लाकडी भांड्यात वांगी ठेचल्याचा धप धप आवाज. मिरची, लसूण, कांद्याची पात. कढईत पुऱ्या फुगताहेत, टोपलीत कळण्याची भाकरी वाफाळतेय.

आणि वाद पेटलाय, गाडी कुठली खरी? मामा म्हणतात, बुलेट, बाकी सगळ्या सायकली. मित्र म्हणतो, येझदीचा आवाज मेल्यावरही ऐकू येईल. तुम्ही आरएक्सचं नाव काढता आणि गळा दाटतो. ती गेल्या वर्षी विकलीत. बायको म्हणते, जिच्यावर पाठ दुखली नाही ती. प्रत्येकाचं बरोबर आहे, कारण प्रत्येक जण वेगळ्या सीटवर बसला होता.

माझं मत विचाराल तर मी राजदूतच्या बाजूनं. ती वेगवान नव्हती, तीनच गिअर होते, सकाळी पाच किका खायची. पण तिच्या चाळीसच्या वेगात रस्त्याकडेला हात केलेला माणूस दिसायचा आणि थांबायला वेळ मिळायचा. नंतरच्या प्रत्येक गाडीनं आपल्याला काहीतरी जास्त दिलं. थांबायची सवय मात्र राजदूतनं लावली, आणि ती ज्याला लागली त्याची कुठलीही गाडी आवडती होते. म्हणून आता परत जाल तेव्हा एक काम करा. तुमच्या आवडत्या गाडीबद्दल स्वतःला विचारू नका, तिच्यावर मागं बसलेल्यांना विचारा. बहिणीला, बायकोला, त्या मित्राला. त्यांना आठवणारी गाडी तुम्ही कधी बघितलेलीच नाही.

बसा पानावर. पुरी गरम आहे, आणि मामा अजून हार मानायला तयार नाहीत.